तुटलेल्या तारेची खबर

पुण्यात मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी शिवाजीनगर ते स्वारगेट या पट्ट्यात स्थानकांचे खड्डे खणले जात होते, तेव्हा पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून आत डोकावणाऱ्या मुलांना त्या साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या अवजड यंत्राचे नाव विचारले असते, तर बहुतेकांनी एकच उत्तर दिले असते : पोकलेन. हे नाव मुळात फ्रान्समधल्या 'पोक्लँ' या कंपनीचे. जॉर्ज बाताय यांनी ती १९२७ साली स्थापन केली. तेलाच्या दाबावर चालणारी खोदयंत्रे बनवण्यात ती पुढे अग्रेसर ठरली आणि भारतात लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने अशी यंत्रे बनवली. आज चाकण-तळेगावच्या पट्ट्यात निरनिराळ्या देशी-परदेशी कंपन्यांची खोदयंत्रे तयार होतात, पण मराठीत त्या सगळ्यांचे नाव पोकलेनच राहिले आहे. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे, तसे.

या यंत्राच्या इंजिनाचा वेग कमीजास्त करणे, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'रेस' देणे, ही एके काळी निव्वळ यांत्रिक गोष्ट होती. चालकाच्या हाताशी एक दांडी असे. दांडीला जोडलेली पोलादी केबल इंधनाच्या पंपापर्यंत जाई आणि तिथल्या गव्हर्नरचा खटका ओढी. केबल तुटली, तर ती डोळ्यांना दिसे; अडकली, तर हाताला कळे. १९८०च्या दशकापासून या केबलची जागा हळूहळू विजेने घेतली. आता चालकाच्या उजव्या हाताशी रेडिओच्या बटणासारखी एक फिरकी असते. फिरकीच्या पोटात संवेदक असतो आणि त्यातून तीन तारा निघून इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे जातात. एक तार नियंत्रकाकडून ५ व्होल्ट घेऊन येते, दुसरी परतीची असते, मिस्त्री तिला 'अर्थ' म्हणतात. तिसरी संदेशाची. फिरकी फिरवली की संवेदकातील रोधपट्टीवर एक सरकता संपर्क पुढे-मागे होतो आणि तिसऱ्या तारेवरचे विभवांतर बदलते. नियंत्रक ते वाचतो आणि इंजिनाला किती इंधन द्यायचे ते ठरवतो.

आता एक साधा प्रश्न घेऊ. तिसऱ्या तारेवर शून्य व्होल्ट आले. याचा अर्थ काय? चालकाने फिरकी सर्वांत खाली आणली, की तार तुटली?

हा प्रश्न खोदयंत्रापेक्षा बराच जुना आहे. विजेने निरोप पाठवायला सुरुवात झाली, त्या दिवसापासून तो माणसाच्या मागे लागला. भारतात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्यात तारायंत्राचे प्रयोग केले, १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही मार्गिका चालू झाली आणि १८५४-५५च्या सुमारास मुंबईहून पुण्यामार्गे मद्रासकडे जाणारी तार उभी राहिली. पुण्यात आगगाडी आली १८५८ साली. तार तिच्या आधी आली. अशा तारेच्या टोकाला बसलेल्या तारमास्तरच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. यंत्र तासभर गप्प आहे. पलीकडच्या माणसाला काही सांगायचे नाही म्हणून ते गप्प आहे, की घाटात झाडाची फांदी कोसळून तार तुटली म्हणून? शांततेला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे काढण्याचा काही मार्ग नाही.

अमेरिकेतील तारखात्याने यावर एक उपाय रुळवला होता. तिथे बऱ्याच मार्गांवर कोणी काही पाठवत नसतानासुद्धा तारेतून प्रवाह अखंड वाहता ठेवत आणि निरोप पाठवणारा तो खंडित करून खुणा उमटवी. प्रवाह दीर्घकाळ थांबला, तर तो निरोप नव्हे, बिघाड. यात बॅटऱ्या सतत खर्ची पडत, हा तोटा होताच. पण मौनाला बिघाडाचा अर्थ देणारी ही युक्ती फार दूरवर पोचली.

तिचे सर्वांत महत्त्वाचे रूप रेल्वेत दिसते. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत रुळांनाच तार बनवले. रुळांच्या एका तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. प्रवाह पोचत असेल तोवरच सिग्नल 'जा' म्हणतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. खरी गंमत पुढे आहे. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ दुभंगला, तरीही रिले सुटतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड आणि धोका यांची खूण एकच ठेवल्यामुळे यंत्र बिघडले, तर गाड्या थांबतील, एकमेकींवर आदळणार नाहीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ साली मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या भागात देशातील पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसवले. पुणेकर रोज ज्या गाड्यांनी मुंबईला जातात, त्यांची सुरक्षितता आजही मोठ्या अंशी याच विचारावर उभी आहे.

पण रेल्वेला फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांगायचे असते. कारखान्यात तापमान, दाब, पातळी अशा चढउतार होणाऱ्या राशी सांगायच्या असतात, तिथे हा विचार कसा वापरायचा? दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांत मापनाचे संदेश दाबलेल्या हवेच्या बारीक नळ्यांतून जात. (ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ साली सुरू झाले, ते याच युगातले.) तिथे एक संकेत रूढ झाला. राशी किमान असेल तेव्हा नळीत शून्य दाब ठेवायचा नाही, ३ पौंड प्रति चौरस इंच ठेवायचा; कमाल असेल तेव्हा १५. नळी फुटली की दाब ३च्या खाली जातो आणि कळून येते. पुढे नळीची जागा तारेने घेतली तेव्हा हाच संकेत ४ ते २० मिलिअँपियर या रूपात आला आणि १९७०च्या दशकात तो प्रमाण म्हणून स्थिरावला. त्याला 'जिवंत शून्य' म्हणतात. राशी शून्य असली, तरी तारेत ४ मिलिअँपियरची धुगधुगी असते.

खोदयंत्राच्या फिरकीत हाच वारसा आहे. संवेदकाला ५ व्होल्ट मिळत असले, तरी त्याचा संदेश साधारणपणे ०.५ ते ४.५ व्होल्ट या दरम्यानच फिरतो. दोन्ही टोकांना थोडी जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. (नेमके आकडे यंत्रागणिक बदलतात, काहींत दिशाही उलटी असते.) नियंत्रकाच्या आत संदेशतार आणि अर्थ यांच्यामध्ये एक मोठा रोध जोडलेला असतो. संदेशाची तार तुटली, तर हा रोध तिला शून्यावर ओढून नेतो. पुरवठ्याची तार तुटली, तरी शून्य. अर्थाची तुटली, तर संदेश ५ व्होल्टच्या जवळ चढतो. काही खोदयंत्रांत विभवांतराऐवजी स्पंदांची रुंदी बदलून संदेश देतात. तिथेही शून्य आणि शंभर टक्के ही टोके कोरी ठेवलेली असतात.

म्हणून नियंत्रक निश्चितपणे म्हणू शकतो की ०.१ व्होल्ट ही चालकाची इच्छा नव्हे, हा बिघाड आहे. मग तो इंजिन मंद वेगावर आणतो आणि पडद्यावर एक आकडा दाखवतो. अवजड वाहनांसाठी जे १९३९ नावाचा जो आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्यात वेग-पेडलच्या स्थितीला ९१ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे बिघाडाचा प्रकार येतो : ३ म्हणजे विभवांतर प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे संदेश विश्वासार्ह नाही. आमच्या मते या आकड्यांचा सर्वांत मोठा दुरुपयोग इथेच सुरू होतो. '९१-४' वाचून 'सेन्सर गेला' असे जाहीर होते आणि नवा संवेदक मागवला जातो. आकडा एवढेच सांगतो की नियंत्रकाच्या दारात विभवांतर कमी आहे. ते संवेदकाने कमी केले, की वाटेतल्या तारेने, हे त्याला दारात उभे राहून दिसत नाही.

ते शोधण्याची युक्तीही त्या रिकाम्या जागांतूनच मिळते. संवेदकाची जोडणी सोडवायची आणि तारेच्या बाजूला पुरवठ्याची व संदेशाची पिन एका छोट्या तारेने जोडायची. (निर्मात्याच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच!) आता पडद्यावरचा 'कमी'चा आकडा जाऊन 'जास्त'चा आला पाहिजे. आला, तर दोन्ही तारा आणि नियंत्रक धडधाकट आहेत, संशय संवेदकावर. नाही आला, तर नवा संवेदक बसवून काहीही होणार नाही. एका बिघाडाऐवजी दुसरा बिघाड मुद्दाम निर्माण करायचा आणि यंत्राला तो कळतो का ते बघायचे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि यंत्र दिवसभर उभे राहणे म्हणजे मालकाचे भाडे बुडणे, चालकाची हजेरी बुडणे.

इथे एक इशारा द्यायला हवा. जुन्या मिस्त्रींच्या खिशात टेस्टलँप असतो : एक दिवा, एक सुई, एक चिमटा. खोदयंत्राची बॅटरी २४ व्होल्टची असते आणि तिच्या जाड तारा तपासायला तो उत्तमच. पण ५ व्होल्टच्या नाजूक मंडलात तो लावला, तर दिवा आपल्यासाठी इतका प्रवाह ओढतो की तपासायची गोष्टच कोलमडते. आणि चिमटा २४ व्होल्टला लावलेला असेल, तर सुई टेकताच नियंत्रक कायमचा जाऊ शकतो. असे पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. १८५८च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेली पहिली केबल सुरू झाली. संदेश क्षीण येतात म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी तिला सुमारे दोन हजार व्होल्टचे धक्के दिले. आधीच दुबळी असलेली केबल काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. तारेला जोराने विचारण्यापेक्षा तिच्याकडून कमीत कमी प्रवाह घेऊन मोजावे, हा विल्यम थॉमसन यांचा आग्रह त्यानंतर सर्वमान्य झाला.

कमीत कमी प्रवाह घेऊन मोजणे ही कल्पना मात्र थॉमसन यांच्याही आधीची. १८४१ साली जर्मनीत पोगेनडॉर्फ यांनी अज्ञात विभवांतराला ज्ञात विभवांतर भिडवून, दोहोंत प्रवाह वाहणार नाही असा बिंदू शोधण्याची पद्धत मांडली. बारावीच्या प्रयोगशाळेतला पोटेन्शिओमीटर तो हाच. फिरकीतील संवेदकालाही कारखान्यात पोटेन्शिओमीटरच म्हणतात आणि हा केवळ नावाचा योगायोग नाही. नियंत्रक संदेशाच्या तारेतून जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे त्या तारेच्या कनेक्टरमध्ये गंज चढून हजारभर ओहमचा रोध आला, तरी वाचनात फारसा फरक पडत नाही : जिथे प्रवाह नाही, तिथे विभवांतराची घटही नाही.

अर्थाच्या तारेचे तसे नाही, आणि खरी अडचण इथे आहे. समजा, संवेदकाचा एकूण रोध ४००० ओहम आहे. ५ व्होल्ट लावले की त्यातून १.२५ मिलिअँपियर वाहतो. सरकता संपर्क सर्वांत खाली असताना त्याच्याखाली ४०० ओहम उरतात, म्हणून संदेश ०.५ व्होल्ट; सर्वांत वर ३६०० ओहम, म्हणून ४.५ व्होल्ट. आता पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरले, पिनेवर हिरवट थर आला आणि अर्थाच्या वाटेत १००० ओहमचा रोध उपटला. एकूण रोध ५००० झाला, प्रवाह १ मिलिअँपियर. खालचे वाचन १.४ व्होल्ट, वरचे ४.६. नियंत्रकाने ०.३ ते ४.७ हे खरे मानायचे ठरवले असेल, तर दोन्ही वाचने त्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत. पडद्यावर काहीच येत नाही. चालक मात्र तक्रार करतो की रेस खाली येत नाही, कारण त्याने फिरकी तळाला आणली तरी यंत्र समजते आहे की त्याला जवळजवळ पावपट रेस हवी आहे. जिवंत शून्य पूर्ण तुटलेली तार पकडते. अर्धवट तुटलेली तार त्याच्या हातून निसटते.

त्यावर कडी म्हणजे तपासताना होणारी फसगत. मिस्त्री जोडणी सोडवतो आणि तारेच्या बाजूला पुरवठा व अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावतो. पूर्ण ५ व्होल्ट! स्वाभाविकच आहे : संवेदक सुटल्यावर प्रवाहच नाही, तर गंजलेल्या पिनेवर घट कोठून येणार? तारा ठीक, म्हणून संवेदक वाईट, असा निष्कर्ष निघतो. नवा संवेदक बसवताना पिना एकमेकींवर घासल्या जातात, गंज थोडा निघतो, यंत्र सुधारते. पुढच्या पावसात पुन्हा तेच. जुना, निर्दोष संवेदक तोवर भंगारात गेलेला असतो. खरी तपासणी जोडणी जोडलेली ठेवून, प्रवाह वाहत असताना करावी लागते : मीटरचे एक टोक संवेदकाच्या अर्थ-पिनेवर पाठीमागून, दुसरे नियंत्रकाच्या अर्थावर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे. आपल्या उदाहरणात १ व्होल्ट येईल. एकाच वेळी दोन-तीन निरनिराळे संवेदक चुकीचे बोलू लागले, तर त्यांची सामाईक अर्थ किंवा सामाईक ५ व्होल्टची तार आधी पाहावी, हेही याच तर्काने निघते.

अर्धवट बिघाड ही तारखात्याची रोजची डोकेदुखी होती. पावसाळ्यात चिनी मातीचे चिमणे ओले होत, खांबाखांबांतून प्रवाह जमिनीत झिरपे आणि तार तुटलेली नसूनही निरोप पोचेनासा होई. भारतीय तारखात्यात १८७०च्या दशकात लुई श्वेंडलर या जर्मन अभियंत्याने मार्गांच्या तपासणीची शिस्त घालून दिली आणि त्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. (कलकत्त्याचे प्राणिसंग्रहालय उभे करण्यातही या गृहस्थांचा मोठा वाटा होता.) तिचा गाभा असा : तार चांगली असतानाच तिचा रोध आणि तिचे निरोधन नियमितपणे मोजून नोंदवून ठेवायचे. आजारी तारेचे वाचन एकटे काही सांगत नाही. ते तिच्याच निरोगी वाचनाशेजारी ठेवले की बोलू लागते. आज किती यंत्रमालक नव्या पोकलेनच्या फिरकीचे तळाचे आणि माथ्याचे वाचन वहीत लिहून ठेवतात? तेवढ्या दोन आकड्यांनी वरचा १.४ व्होल्ट त्याच दिवशी पकडला गेला असता.

बिघाड आहे हे कळल्यावर तो कोठे आहे, हे शोधायला तारखात्याने वापरला तो व्हीटस्टनचा सेतू. कल्पना सॅम्युएल ख्रिस्टी यांची, १८३३ची. व्हीटस्टन यांनी १८४३ साली ती प्रसिद्धीस आणली आणि श्रेय ख्रिस्टींना दिले, तरी नाव व्हीटस्टन यांचेच चिकटले. याच सेतूवर आधारलेली मरे यांची वळसा पद्धत शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. २० किलोमीटरच्या दोन तारांपैकी एक मध्येच जमिनीला टेकली आहे. पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा जोडून घेतल्या की ४० किलोमीटरचा एक वळसा झाला. या वळशाला मीटरब्रिजच्या तारेशी समांतर जोडायचे. मीटरब्रिजवर जॉकी आपण टेकवतो; वळशावर ती बिघाडाने आधीच टेकवून ठेवली आहे, पृथ्वीच्या रूपाने. नाजूक धारामापी शून्य दाखवतो तेव्हा जॉकी सदोष तारेकडच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर बिघाड ४०च्या तीस टक्के, म्हणजे १२ किलोमीटरवर. बिघाडाच्या जागी जमिनीशी झालेला संपर्क चांगला की वाईट, याचा समतोलबिंदूवर परिणाम होत नाही, कारण तो रोध बॅटरीच्या शाखेत पडतो. अंबाल्याहून आलेले जे मीटरब्रिज अनेक शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत धूळ खात आहेत, त्यांच्या पूर्वजांवर बसून माणसे डोंगरदऱ्यांतले बिघाड टेबलावरून मोजत होती. खोदयंत्रात तारा काही मीटरच लांब असतात, म्हणून तिथे इतके करावे लागत नाही. मधला कनेक्टर उघडून आधी अर्धी वाट तपासायची, मग उरलेल्याची अर्धी. शिवाय यंत्राचा बूम आणि फिरता घुमट जिथे तारांना सतत वाकवतो आणि घासतो, त्या जागी जुडगा हलवून पाहायचा. मीटरचा आकडा त्या क्षणी दचकला की जागा सापडली.

अर्थाच्या वाटेतला हा लपलेला रोध वर्गात दाखवणे सोपे आहे. मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट मिळतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ५००० ओहमचा पोटेन्शिओमीटर मिळतो. त्याच्या दोन्ही टोकांना ५६० ओहमचा एकेक रोध जोडावा आणि संदेशाच्या तारेपासून चार्जरच्या ऋण टोकापर्यंत एक लाख ओहमचा रोध लावावा, तो आपला नियंत्रक. बटण तळाला असताना मीटर सुमारे ०.४६ व्होल्ट दाखवील, माथ्याला सुमारे ४.५. संदेशाची तार काढली की शून्य. मग ती परत जोडून, विद्यार्थ्यांच्या नकळत, अर्थाच्या वाटेत १००० ओहम घालावेत. तळाचे वाचन सुमारे १.१ होईल, माथ्याचे ४.६च्या आसपास राहील. पोटेन्शिओमीटर खराब झाला आहे का, असे मुलांना विचारावे आणि त्यांना मीटर देऊन बाजूला व्हावे.